पाच महिने फळांवर

धोंडबा, तू गेलास आणि या मुलुखात समुद्र पाहिलेला मी एकटाच उरलो. आणखीही कोणी असेल, पण आपण दोघांनी तसं ठरवून टाकलं होतं आणि बारा वर्षांत कोणी आपल्याला खोडून काढलं नाही. आता पारावर मी लाटांची उंची सांगू लागलो की "न्हाई पंत, एवढी नव्हती" म्हणणारं कोणी नाही. परवा एकानं विचारलं म्हणून मी लाट देवळाच्या कळसापर्यंत चढवली. सगळ्यांनी निमूट माना डोलावल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी तसाच उठून घरी आलो.

तू कोणत्या साली जन्मलास, रान किती होतं, लेकरं किती, ते बाळापूरच्या पटवाऱ्याकडे लिहिलेलं आहे. मला त्यात रस नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे आणि भांडण जुनंच आहे. मी तुझ्या घरी जेवायला का आलो नाही? तू हिंगोलीला प्रत्येक बाजाराला यायचास आणि हेच विचारायचास, आणि मी दर वेळी काहीतरी थाप मारायचो. आता थाप मारायला समोर कोणी नाही, म्हणून खरं लिहितो.

सगळं सुरू झालं ते नवाबसाहेबांच्या पोटापासून. मी त्यांच्या जागिरीच्या कचेरीत कारकून, तू त्यांच्याच गावचा शेतकरी. ते दौऱ्यावर बाळापूरला आले आणि त्यांच्या पोटात नेहमीची कळ उठली. हैदराबादचे हकीम झाले होते, डॉक्टर झाले होते. तुझी बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून तू बांधावर स्वतःच भाकरी थापत होतास. नवाबसाहेबांनी ती ताकाबरोबर खाल्ली, लिंबाखाली आडवे झाले आणि दिवस कलेपर्यंत घोरत पडले. उठल्यावर म्हणाले, "इसको साथ लेंगे." कुठे, ते तुला कळलं नाही. मला कळलं, कारण फ्रान्समध्ये त्यांनी शौकानं एक यॉट घेऊन ठेवल्याची पत्रं मीच वाचून दाखवली होती. चार शब्द इंग्रजी येत असल्याच्या गुन्ह्याखाली मलाही तुझ्याबरोबर न्यायचं ठरलं.

तुझं सामान आठवतं ना? दोन पोती ज्वारी, लोखंडी तवा, काठवट आणि जातं. मी कपाळावर हात मारून घेतला होता. पीठच दळून घे म्हटलं, तर तू मलाच समजावलंस की शिळ्या पिठाची विरी जाते, भाकरी थापता थापता चिरते आणि चिरलेली भाकरी नवाबाच्या पानात वाढणार नाहीस. फ्रान्सच्या बंदरावर जकातीच्या शिपायांनी त्या जात्याच्या दोन्ही तळ्या वेगळ्या केल्या, ठोकून पाहिल्या, भोकात बोट घातलं. आत काहीच निघेना तेव्हा त्यांना जास्तच संशय आला. शेवटी तू फतकल मारून तिथेच बसलास, मूठभर ज्वारी टाकलीस आणि जातं फिरवून दाखवलंस. मग त्या शिपायांनी रांगेनं बसून एकेकदा फिरवून बघितलं. आपली पेटी उघडायची ते विसरूनच गेले.

आणि माझं सामान म्हणजे आईला दिलेली शपथ. समुद्र ओलांडतोच आहेस तर तिथे कोणाच्या हातचं शिजवलेलं खायचं नाही, नुसतं दूध आणि फळं, असं तिनं माझा हात देव्हाऱ्याला लावून घेऊन म्हणवून घेतलं होतं. मीही म्हटलं. हिंगोलीत बसून फळांवर राहणं फार सोपं वाटतं.

लोकांना वाटतं आपण यॉटीतून जग फिरलो. तूही तसंच सांगायचास आणि मी गप्प बसायचो. खरं तर आठवडाभर आपण दोघं कठड्याला धरून ओकत होतो आणि आठव्या दिवशी इंजिन बंद पडलं. दुसऱ्या होडीनं ओढत एका लहानशा बंदरात आणून आपल्याला धक्क्याला बांधलं. इंजिनाचा कसलासा भाग परदेशातून यायचा होता, तो चार महिने येतच राहिला. नवाबसाहेब टेकडीवरच्या हॉटेलात गेले. आपल्याला धक्क्यावर शिडं ठेवायच्या कोठाराच्या माडीवर एक खोली मिळाली. दोन वेळा भाकरी करायची आणि दोन वेळा ती मी टेकडीवर पोचवायची, हे आपलं समुद्रपर्यटन.

पण तो धक्का तू गाजवलास. रांगेनं बांधलेल्या पांढऱ्या यॉटी, त्यांचे गोरे मालक, खलाशी, स्वयंपाकी, आणि त्या सगळ्यांना मिळून पाण्याचा एक नळ. सकाळी तिथे नुसती रेटारेटी. तिसऱ्या दिवशी तू बादल्यांची बारी लावलीस, आपल्याकडे विहिरीवर लावतात तशी. फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता तुला. पांढऱ्या पाटलोणीतला एक धनाढ्य माणूस मधेच घुसला, त्याला तू खांद्याला धरून म्हणालास, "काहून घुसून राहिला? मांगं सर." आणि तो सरला. महिन्याभरानं नळावर भांडण झालं की लोक तुलाच शोधत यायचे. तू दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घ्यायचास, एक अक्षर न कळता, आणि निवाडा द्यायचास. तो मानला जायचा.

तुझ्या धोतराची भानगड तर मी अजून घरी सांगितलेली नाही. तू ते लाल काठाचं धोतर धुऊन वाळत घातलंस ते आपल्या यॉटीच्या डोलकाठीवर, दोरीनं पार वर ओढून. बंदराचा अधिकारी टोपी सावरत धावत आला आणि हे कोणत्या देशाचं निशाण म्हणून विचारू लागला. मी हिंगोलीचं म्हणून सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि सलाम करून गेला.

शेजारच्या होडीवर एक म्हातारी इंग्रज मडम एकटीच राहायची, एका मांजराबरोबर. तिला तू रोज एक गरम भाकरी द्यायचास आणि ती तुला लोणी द्यायची. तुमच्या गप्पा तासन् तास चालायच्या, ती तिच्या भाषेत, तू तुझ्या. एकदा मी मधे बसून अर्थ सांगायला गेलो, तर तुम्हा दोघांनाही ते आवडलं नाही.

आता माझ्या फळांकडे येतो. येतानाच्या मोठ्या बोटीवर दूधफळांवर कसंबसं निभावलं आणि यॉटीवरचे सात दिवस ओकण्यात गेले, त्यामुळे शपथ मोडायचा प्रश्नच आला नाही. धक्क्यावर आल्यावर मी पीच नावाचं फळ खाऊ लागलो. एका दिवसात इतकी खाल्ली की त्याच रात्री ती मला स्वप्नात दिसू लागली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तुला कोठाराच्या जोत्याच्या दगडांच्या फटीत उगवलेली घोळ दिसली. आपली घोळ, तीच लाल देठाची, तीच आंबट. तू ती ओटीत भरून आणलीस, लसूण घालून परतलीस आणि भाकऱ्या थापायला बसलास. मी खिडकीकडे तोंड करून पीच सोलत होतो. तुला माझी दया आली असावी. तू म्हणालास की पंत, शपथ जमिनीवरची असते, मधे एवढं पाणी आडवं आलं, ती पोहून थोडीच आली असंल. इतका पक्का युक्तिवाद मी आमच्या कचेरीतल्या वकिलांकडूनही ऐकला नव्हता. मी चार भाकऱ्या खाल्ल्या.

त्या दिवसापासून परत येईपर्यंत मी तुझ्या हातचंच जेवलो. अट एकच घातली, हिंगोलीत हे कोणाला कळता कामा नये. तूही एक अट घातलीस की खाणारानं दळायचं. तीन माणसांसाठी जातं ओढायचं तर समोर दुसरा हात लागतोच म्हणालास. तेव्हा धोंडबा, मी, कचेरीतला कारकून, नळाशेजारी मांडी घालून तुझ्यासमोर बसलो आणि जातं ओढलं. आमच्या सात पिढ्यांत पुरुषानं जात्याच्या खुंट्याला हात लावला नव्हता. यॉटींवरचे लोक खुर्च्या आणून बघायला बसायचे. मला वाटायचं धरणी दुभंगावी, आणि पायाखाली धरणी नव्हती, धक्क्याच्या फळ्या होत्या.

इंजिनाचा भाग एकदाचा आला. कप्तानानं, तो दाढीवाला कायम वैतागलेला फ्रेंच माणूस, यॉटीला नवा पांढरा रंग लावून घेतला आणि दोन दिवसांनी निघायचं ठरवलं. तू मात्र महिनाभर चंद्र मोजत होतास. श्रावणातली अवस जवळ आली होती, म्हणजे पोळा. उभ्या जन्मात तुझा पोळा चुकला नव्हता. पण बैल आणायचा कुठून? तू त्या यॉटीकडे बघितलंस. ती ओढते, वाहते, दाव्याला बांधून राहते. तुझ्या मनानं घेतलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलाचे खांदे मळतात. लोणी आणि हळद चोळायची, जू घेऊन घट्टे पडलेल्या जागी, आणि उद्या जेवायला या म्हणून त्याला आवतण द्यायचं. तू मडमेकडचं सगळं लोणी घेतलंस, बाळापूरहून आणलेली हळद घेतलीस, आणि यॉटीच्या नाकाडाच्या दोन्ही बाजू खसाखसा मळून काढल्यास. रंग अजून ओला होता.

सकाळी कप्तानानं ते बघितलं आणि मला वाटलं हा आता पाण्यात पडणार. पांढऱ्याशुभ्र यॉटीला दोन्हीकडून हातभर पिवळेधमक डाग, घासले तर पसरणारे. तो ओरडत होता, मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होतो आणि तू खाली मान घालून उभा होतास. पहिल्याच बोटीनं तुला परत धाडायचं असं त्यानं ठरवूनच टाकलं. तेवढ्यात नवाबसाहेब टेकडी उतरून आले. त्यांनी डाग बघितले. वाकून हळद हुंगली. मग हलक्या आवाजात विचारलं, "आज पोला है क्या?" तू मान हलवलीस. त्यांनी रुमालानं डोळे टिपले आणि पुरणपोळीचं काय, ते विचारलं. डाग कोणी काढायचा नाही असं कप्तानाला सांगा म्हणाले.

तिथल्या एका वाण्याकडे हरभरे मिळाले, गूळ नव्हता म्हणून साखर घातलीस. दुपारी धक्क्यावर पंगत बसली. नवाबसाहेब, कप्तान, मडम, नळावरचे आठ-दहा लोक, आणि त्याच रांगेत मी. सगळ्यांदेखत. यॉटीपुढेही तू पान ठेवलंस, ते मांजरानं खाल्लं. वाढता वाढता तू माझ्यासमोर थांबलास.

"पंत, बाळापूरला माझ्या घरी असंच बसायचं. बसान ना?"

मी तोंडात पुरणपोळी असताना हो म्हटलं. पुरणपोळी तोंडात असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

पुढे परत आलो. आईनं गुरुजी बोलावून ठेवलेच होते, पंचगव्य घेऊन मी शुद्ध झालो. पण तिची नजर माझ्या गळ्यावर होती. फळं खाऊन गळ्याला अशी वळी पडते का, तिनं विचारलं. मी म्हटलं तिकडची फळं मोठी असतात. तेवढ्यात तू माझी पेटी घेऊन अंगणात आलास आणि तिनं तुलाच धरलं. धोंडबा, तू तर खोटं बोलत नाहीस, तूच सांग म्हणाली. तू माझ्याकडे बघितलंस. मी गयावया केली असणार, तोंडानं नाही, डोळ्यांनी.

"व्हय आई," तू म्हणालास. "फळंच. लई फळं खाल्ली पंतांनी."

बाहेर रस्त्यावर आल्यावर तू मला थांबवलंस. मग म्हणालास, "आईच्या तोंडावर खोटं बोललो, पंत. ज्या दिवशी माझ्या घरी चारचौघांत जेवान, त्या दिवशी हे फिटंल."

मी म्हटलं, येतो, येत्या महिन्यात.

त्यानंतरच्या माझ्या थापा तुला पाठ होत्या. कधी पोट, कधी एकादशी, कधी कयाधूला पूर. पूर मी एकदा भर वैशाखात आणला होता. तू नदी ओलांडूनच आला होतास, तरी काही बोलला नाहीस. सासूबाईंच्या श्राद्धाचं निमित्त मात्र तू मोजून ठेवलंस आणि एकदा सरळ म्हणालास की पंत, सासू एका सालात तीन डाव कशी काय जेवून राहिली. मी हसलो, तूही हसलास आणि विषय पुन्हा पुढच्या बाजारावर गेला.

खरं उत्तर हे, की मी भ्यालो. तुझ्याकडे जेवलो की आईला कळणार, एक कळलं की मागचं सगळं उकलणार, आणि चाळिशीच्या कारकुनाला आई रागावेल याची भीती वाटत होती. आई साठीची होती तेव्हा मी म्हणायचो तिला म्हातारपणी कशाला दुखवा. ती सत्तरीची झाली, ठणठणीत. माझी सबब जुनी होत गेली, आईला काही झालं नाही. आणि मधल्या काळात तू माझ्या ओट्यावर बसायचास. हुरडा आणायचास, ओली हळद आणायचास, तुरीच्या शेंगा आणायचास. मी तुला वेगळ्या कपात चहा द्यायचो. तो कप तू विसळून कट्ट्यावर पालथा घालायचास आणि मी वर्तमानपत्रात तोंड खुपसायचो. ज्याच्या समोर बसून जातं ओढलं, त्याचा कप. मला त्याची लाज वाटत होती, धोंडबा. लाज वाटत असूनही बारा वर्षं मी तेच करत राहिलो, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

यंदा निजामाचं राज्य गेलं. धामधूम थांबून रस्ते खुले झाले तसा तू पहिल्याच बाजाराला आलास, वाळलेला, डोळे खोल गेलेले. "पंत, राज्य बदललं," म्हणालास. "आता तरी या." मी म्हटलं दिवाळी होऊन जाऊ दे. तू बरं म्हणालास, उठलास, कप विसळलास. दिवाळीच्या आधीच तापानं तुला नेलं.

तेरवीला मी गेलो. कोणतंही कारण न सांगता निघालो, आईलाही नुसतं बाळापूरला जातो म्हटलं. तुझ्या दारात मांडव, पंगत बसायच्या बेतात. तुझी बायको सरजाबाई मला बघून पुढे आली, पदर सावरून. तिनं माझ्यासाठी ओसरीवर वेगळा पाट मांडला होता आणि पाटासमोर केळी आणि दूध. मी काही विचारायच्या आत तिनंच सांगितलं, "ते सांगत, पंत परमुलखात बी फळावर राहिले. तुम्ही यान असं वाटलंच, तकलीफ नको म्हून आधीच मांडून ठेवलं."

स्वतःच्या बायकोलाही तू सांगितलं नव्हतंस. बारा वर्षं एका अंथरुणावर शेजारी झोपूनही नाही. मी ती केळी बाजूला सारली आणि मांडवात जाऊन रांगेत बसलो. आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघू लागली. सरजाबाईचा हात वाढता वाढता थांबला, मग तिनं वाढलं. मी जेवलो, मागून घेऊन जेवलो, आणि जेवताना रडत होतो हेही सगळ्यांनी बघितलं.

घरी आलो तर आई वाती वळत बसलेली. जेवायला वाढू का म्हणाली. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की धोंडबाच्या घरी जेवून आलोय, पंक्तीत बसून. आणि तिकडेही पाच महिने त्याच्याच हातचं जेवलो. शपथ मोडली. आता काय ते बोल.

आईनं वात पुरी वळली.

"बरं केलंस. पण उशीर केलास," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं की तू दुसऱ्याच दिवशी, मी कचेरीत गेल्यावर, परत आला होतास. आई, मी काल खोटं बोललो, पंत माझ्या हातची भाकरी खात होते, असं म्हणून पाया पडलास. "मी म्हटलं, माझ्या लेकराला परक्या देशात उपाशी नाही ना ठेवलंस, मग झालं. आत बसवून वाढलं त्याला. पोटभर जेवला. जाताना म्हणाला, पंतांना सांगू नका, त्यांना शरम वाटंल."

मी विचारलं, मग तू मला का नाही सांगितलंस?

"तू मला का नाही सांगितलंस?" आई म्हणाली. "आणि ओट्यावर त्याला कोण बसवत होतं रे, मी का तू?"

तेव्हा धोंडबा, भांडण मी हरलो. तुझं खोटं एका रात्रीतच फिटलं होतं. तू माझ्या घरात आत बसून जेवलाही होतास आणि तरी बारा वर्षं ओट्यावर बसलास, कप विसळलास, मला बोलावत राहिलास. मला वाटत होतं तू फेड मागतोस. तुला माझ्याकडून काही फेडून घ्यायचंच नव्हतं, मी नुसता जेवायला यायला हवा होतो. आलो होतो रे. तू घरी नव्हतास.